विश्लेषण : छोट्या बागायतदाराची स्पार्कलिंग वाइन कशी निवडावी, कशी चाखावी?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरचे मानपाडा असो की डोंबिवलीजवळ कल्याण-शिळ रस्त्यावरचे, दोन्हीकडच्या गृहसंकुलांत वाढदिवस, बढती किंवा ३१ डिसेंबर आला की ‘शॅम्पेन’ फोडली जाते. ती बहुतेक वेळा शॅम्पेन नसते. दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या नाशिक जिल्ह्यात तयार झालेली ती फसफसती पांढरी वाइन, म्हणजे स्पार्कलिंग व्हाइट वाइन असते. दुकानाच्या फळीवर तिचे दोन-तीन मोठे ब्रँडच दिसतात. स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांपासून अशी वाइन करणाऱ्या छोट्या उत्पादकाची बाटली क्वचितच हाती लागते. ती इतकी दुर्मीळ का, आणि मिळालीच तर चांगली की वाईट हे कसे ओळखायचे?

शॅम्पेन, स्पार्कलिंग आणि गॅस भरलेली वाइन यांत फरक काय?

शॅम्पेन हे प्रदेशाचे नाव आहे. फ्रान्सच्या ईशान्येकडील त्या भागात, तिथल्या नियमांनुसार तयार झालेल्या वाइनलाच ते लावता येते. भारतातही ‘शॅम्पेन’ची भौगोलिक मानांकन म्हणून नोंदणी झाली आहे. त्यामुळे नाशिकच्या बाटलीवर तो शब्द छापता येत नाही. आपल्या बोलण्यात मात्र तो राहणारच, जसे कोणत्याही पाण्याच्या बाटलीला आपण एकाच कंपनीच्या नावाने हाक मारतो.

बुडबुडे वाइनमध्ये कसे येतात, यावर खरा फरक ठरतो. पारंपरिक पद्धतीत आधी साधी, बुडबुड्यांविना, चांगलीच आंबट अशी पांढरी वाइन तयार करतात. ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि थोडे यीस्ट घालून बाटली बंद करतात. बाटलीतच पुन्हा किण्वन होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला वाट नसल्याने वाइनमध्ये विरघळतो. आतला दाब वातावरणाच्या पाच ते सहा पट होतो. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून अधिक. यीस्ट मरून तळाशी बसते आणि वाइन काही महिने, कधी काही वर्षे त्या गाळावर पडून राहते. पाव, बिस्कीट, भाजलेल्या काजूसारखा जो वास चांगल्या स्पार्कलिंगला येतो तो या गाळातून. शेवटी बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, गाळ मानेत जमवतात, मान गोठवून तो बाहेर काढतात आणि कमी झालेली वाइन थोड्या साखरेसह भरून बूच लावतात.

दुसरी पद्धत टाकीची. हेच दुसरे किण्वन मोठ्या बंद टाकीत होते आणि दाब राखून बाटल्या भरल्या जातात. इटलीची प्रोसेको बहुतांशी अशी बनते. ही पद्धत कमी प्रतीची नाही, ताज्या फळांचा वास तिच्यात उलट अधिक टिकतो. तिसरा प्रकार साध्या वाइनमध्ये सोड्यासारखा गॅस सोडण्याचा. ग्लासात ओतल्यावर त्याचे मोठे बुडबुडे धडाधड उसळतात आणि काही मिनिटांत सगळे शांत होते.

नाशिकची द्राक्षे यासाठी योग्य आहेत का?

स्पार्कलिंगला पिकलेली पण आंबटपणा न गमावलेली द्राक्षे लागतात. साध्या पांढऱ्या वाइनसाठी साखर २२ ब्रिक्सच्या आसपास जाईपर्यंत थांबतात, स्पार्कलिंगसाठी १७ ते १९ ब्रिक्सलाच घड उतरवले जातात. थंड प्रदेशात हा आंबटपणा आपोआप मिळतो. आपल्याकडे तो वेळापत्रक सांभाळून मिळवावा लागतो.

नाशिकच्या बागायतदाराला हे वेळापत्रक अंगवळणी पडलेले आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि त्यानंतर साधारण जानेवारीपासून तोडणी. युरोपात वेल हिवाळाभर झोपतो, इथे तो झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटून फळ हिवाळ्याच्या थंडीत आणले जाते. त्या काळात दिंडोरी, निफाड, इगतपुरी पट्ट्यात रात्रीचा पारा चांगलाच उतरतो. दिवसाच्या उन्हाने साखर वाढते आणि रात्रीच्या थंडीने आम्ल टिकते. फेब्रुवारी संपत आला, ऊन चढले की हा तोल बिघडतो. शेनिन ब्लां (बागायतदारांच्या बोलण्यात ‘चेनिन ब्लँक’) या जातीचे घड चार-पाच दिवस उशिरा उतरवले तरी वाइनची धार बोथट होते.

ही जात मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली. तिथे तिच्यापासून शतकानुशतके वाइन केली जाते आणि फसफसतीही केली जाते. म्हणून नाशिकच्या स्पार्कलिंगची तुलना सतत शॅम्पेनशी करणे तसे अन्यायाचेच. तिचे नाते लुआरशी अधिक जवळचे आहे. शॅम्पेनची मुख्य द्राक्षे शार्डोने, पिनो न्वार आणि म्युनिए. त्यातली पहिली दोन नाशिकमध्येही थोड्या प्रमाणात लावली गेली, पण इथला कणा शेनिनच आहे.

महाराष्ट्रात याची सुरुवात कुठे झाली?

नाशिकमध्ये नव्हे, पुणे जिल्ह्यात. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांच्या ‘इंडाज’ने शॅम्पेनमधील ‘पायपर-हाइडसिक’ या कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने पारंपरिक पद्धतीची स्पार्कलिंग वाइन काढली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती ब्रिटनसह परदेशात विकली गेली. भारतात साधी वाइन पिणाराही विरळा असताना महाराष्ट्रातली फसफसती वाइन लंडनच्या हॉटेलांत पोहोचली होती, हे आज अनेकांना खरे वाटत नाही. पुढे अतिविस्तार आणि कर्जाच्या ओझ्याखाली ती कंपनी कोसळली.

नाशिकचे पर्व त्यानंतरचे. राजीव सामंत यांच्या ‘सुला’ने १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावली आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. स्पार्कलिंग वाइन त्यानंतर आली. २०१३ मध्ये फ्रान्सच्या ‘मोएत हेनेसी’ने ‘शांदों’ हा ब्रँड भारतात आणला, त्याचे उत्पादन दिंडोरीत होते. आज मानपाड्याच्या दुकानात स्पार्कलिंग मागितली तर बहुधा या दोनपैकी एक बाटली समोर येईल.

मग छोटा बागायतदार कुठे अडतो?

राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. उत्पादन शुल्कात सवलती दिल्या आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. नाशिक, सांगली, सोलापूर भागातील अनेक बागायतदारांनी कर्ज काढून टाक्या बसवल्या. त्याहून अधिक जणांनी कंपन्यांशी करार करून वाइन द्राक्षे लावली. २००८ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर झालेला हल्ला यांनी हॉटेल व पर्यटन बसले आणि वाइनची मागणी घटली. गोदामे भरलेली असताना पुढच्या हंगामाची द्राक्षे घ्यायला कुणी तयार नव्हते.

इथे वाइन द्राक्षाचा स्वभाव आड येतो. थॉमसनसारखे खायचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसऱ्याला देता येते, नाहीतर बेदाणा करता येतो. वाइन द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. बाजार समितीत त्याला गिऱ्हाईक नाही आणि त्याचा बेदाणाही होत नाही. वायनरीने पाठ फिरवली की मालाची किंमत शून्य. त्या काळात अनेकांनी वेल उपटले किंवा त्याच खुंटावर खायच्या द्राक्षाचे कलम केले. नव्या वायनऱ्यांपैकी कित्येक बंद पडल्या, काहींच्या टाक्या भंगारात गेल्या.

जे टिकले त्यांतही स्पार्कलिंग करणारे थोडे. कारण ही वाइन पैसा अडकवून ठेवते. साधी पांढरी वाइन जानेवारीत दाबली तर त्याच वर्षी विकता येते. पारंपरिक स्पार्कलिंगमध्ये रस कमी निघतो, कारण दाबणे हलके ठेवावे लागते. शॅम्पेनच्या नियमानुसार ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटर रसच घेता येतो, म्हणजे बाटलीमागे जवळपास १.२ किलो द्राक्ष. दाब सोसणारी बाटली जाड लागते. शॅम्पेनची प्रमाण बाटली रिकामी असतानाच ८३५ ग्रॅमची असते. बूच वेगळे, तारेची जाळी वेगळी, गाळ काढायचे यंत्र वेगळे. आणि हे सारे झाल्यावर बाटल्या वर्ष-दीड वर्ष थंड तळघरात पडून. शॅम्पेनमध्ये साल न छापलेल्या बाटलीलाही किमान १५ महिने थांबावे लागते, त्यातले १२ गाळावर. भारतात अशी सक्ती नाही. पण चव हवी असेल तर थांबावे लागतेच, आणि थांबायचे म्हणजे वातानुकूलनाचे वीजबिल आणि कर्जाचे व्याज भरत राहायचे.

गंगापूर धरणाच्या काठावरची ‘यॉर्क’ ही गुरनानी कुटुंबाची वायनरी शेनिन ब्लांपासून पारंपरिक स्पार्कलिंग करणाऱ्या मोजक्या कौटुंबिक वायनऱ्यांपैकी एक. २०२१ मध्ये ती शेजारच्या ‘सुला’ने घेतली. याकडे अपयश म्हणून पाहायचे कारण नाही. पण आकाराने लहान राहून हा व्यवसाय करणे किती कठीण आहे हे त्यातून दिसते.

सरकारी धोरणाचा यात काय वाटा?

राज्यात तयार होणाऱ्या वाइनवरील २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्क्यांचा परतावा वाइन उद्योग प्रोत्साहन योजनेतून मिळतो. मात्र कर आधी भरायचा आणि परताव्यासाठी थांबायचे. मोठी कंपनी हे सोसते, लहानाची खेळती रक्कम त्यातच अडकते. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने १,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र कपाटात वाइन विकायला मुभा देण्याचा निर्णय घेतला. कारण दिले गेले ते शेतकऱ्यांच्या हिताचे. भाजपने, अण्णा हजारेंनी आणि व्यसनमुक्तीसाठी काम करणाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि निर्णय कागदावरच राहिला. किराणा मालाच्या शेजारी मद्य नको, ही भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु सुपरमार्केटच्या कपाटात छोट्या बागायतदाराला जागा मिळाली असतीच, हे गृहीतकही तपासायला हवे होते. फळीवरची जागा शेवटी पुरवठा आणि जाहिरात ज्याला परवडते त्याला मिळते.

‘छोटा उत्पादक’ म्हणजे चांगली वाइन का?

नाही. पण ‘कुणाची द्राक्षे’ हा प्रश्न विचारण्यासारखा नक्की आहे. शॅम्पेनमध्ये जवळपास ९० टक्के बागा शेतकऱ्यांच्या मालकीच्या आहेत, तर बाटल्या मुख्यतः मोठ्या घराण्यांच्या नावाने विकल्या जातात. १९११ मध्ये यावरून तिथे दंगल झाली. कीड आणि खराब हंगामांनी गांजलेल्या बागायतदारांना कळले की काही व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षे आणून शॅम्पेन करत आहेत. त्या वर्षी १२ एप्रिलला आयी गावात गोदामे फोडली गेली, जाळली गेली. आज तिथे प्रत्येक बाटलीवर बारीक अक्षरांत उत्पादकाचा प्रकार सांगणारी दोन अक्षरे असतात. ‘आरएम’ असेल तर स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची वाइन करणारा बागायतदार, ‘एनएम’ असेल तर द्राक्षे विकतही घेणारा व्यापारी उत्पादक. गेल्या काही दशकांत ‘आरएम’ बाटल्यांचा एक निष्ठावान ग्राहकवर्ग जगभर तयार झाला.

महाराष्ट्रात असा संकेत नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, पण त्यातून प्रदेश कळतो, बाग कळत नाही. मागच्या लेबलवर उत्पादकाचा पत्ता असतो. तिथे गट नंबर आणि गावाचे नाव असेल तर निदान विचारायला जागा मिळते. या बागेतल्या वाइनमध्ये दर वर्षी थोडा फरक पडतो. मोठे उत्पादक अनेक गावांची, अनेक वर्षांची वाइन मिसळून दर वेळी सारखी चव देतात आणि ते कौशल्याचे काम आहे. लहानाकडे मिसळायला तेवढे काही नसते. अवकाळी पाऊस झाला, भुरी आली, तोडणी चार दिवस पुढे गेली की ते ग्लासात उतरते. याच कारणाने त्याची चांगली बाटली अधिक बोलकी असते आणि वाईट बाटली अधिक उघडी पडते.

दुकानात काय पाहावे?

प्रस्तुत लेखकाच्या मते ठाणे-डोंबिवलीत स्पार्कलिंग वाइनचा मोठा शत्रू दुकानातला उकाडा आहे. बिअर शीतकपाटात आणि वाइन वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, ही मांडणी सर्रास दिसते. ज्या वाइनला तळघरात १०-१२ अंशांची सवय असते ती मे महिन्यात ३५ अंशांत उभी राहते. काही आठवड्यांत फळांचा ताजेपणा जातो आणि मोरावळ्यासारखा शिजलेला वास येऊ लागतो. पारदर्शक काचेची बाटली असेल तर प्रकाशाचाही त्रास होतो आणि वाइनला उकडलेल्या कोबीचा वास लागतो. बाटली घेताना ती किती दिवस कुठे होती ते विचारावे, उत्पादनाची तारीख पाहावी. गाळ कधी काढला ती तारीख छापणारे आपल्याकडे विरळाच, पण छापली असेल तर ती सर्वांत उपयोगाची. गाळ काढल्यानंतर साध्या स्पार्कलिंगचे उत्तम दिवस पहिल्या वर्ष-दीड वर्षाचे.

लेबलवरचे ‘ब्रुट’ म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव फसवे आहे, ती ब्रुटपेक्षा गोड असते (१२ ते १७ ग्रॅम). ‘डेमी-सेक’ त्याहून बरीच गोड (३२ ते ५० ग्रॅम). पारंपरिक पद्धतीचा उल्लेख असेल तर तो लेबलवर उत्पादक अभिमानाने करतोच. केलेला नसेल तर काय समजायचे ते समजावे.

उघडताना आवाज हवा की नको?

नको. फ्रिजमध्ये तीन तास, किंवा बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत वीस-पंचवीस मिनिटे. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी लवकर गार करते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटू शकते. तारेची कडी बहुधा सहा अर्धे फेरे फिरवून सुटते. ती सोडताच अंगठा बुचावर आणि पुढे तो हलवायचा नाही. बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडावे आणि बाटली फिरवावी. बूच सुस्कारा टाकत निघाले पाहिजे. तोंड माणसांकडे किंवा छतावरच्या पंख्याकडे नको, डोळ्याला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. हलवून फवारा उडवणे मोटारशर्यतीच्या व्यासपीठावर ठीक. घरी त्यात वर्ष-दीड वर्षाची मेहनत भिंतीवर जाते.

ग्लासात काय शोधायचे?

उंच, अरुंद ग्लासात बुडबुडे छान दिसतात पण वास कोंडतो. पसरट बशीसारख्या ग्लासातून तो उडून जातो. पोटात रुंद आणि तोंडाशी जरा निमुळता साधा वाइन ग्लास उत्तम. तो गरम पाण्याने विसळून हवेवर सुकवावा, कारण साबणाचा अंश राहिला की फेस मरतो. बुडबुडे ग्लासाच्या तळाशी अडकलेल्या धाग्यांच्या सूक्ष्म तंतूंवर जन्मतात, हे रँस विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेले यांनी दाखवून दिले. त्यामुळे एका ग्लासात भरपूर आणि दुसऱ्यात कमी बुडबुडे दिसले तर वाइनला दोष देण्याआधी ग्लास बदलून पाहावा. बिअरसारखे ग्लास तिरका धरून ओतले तर गॅस अधिक टिकतो, हेही त्यांच्याच प्रयोगातून २०१० मध्ये पुढे आले.

रंग फिकट, गवताच्या वाळल्या काडीसारखा असावा. कोवळ्या वाइनमध्ये गडद सोनेरी झाक दिसली तर तिला हवा किंवा उष्णता लागल्याचा संशय घ्यावा. मग पहिला फेस बसू द्यावा. लगेच नाक घातले तर गॅसने नाकाला झिणझिण्या येतात आणि काहीच कळत नाही.

वासात आधी फळे शोधावीत. शेनिनमध्ये हिरवे सफरचंद, मोसंबी, लिंबाची साल, कधी कच्चा पेरू, कधी पपनस. परदेशी पुस्तकांतले गूजबेरी आणि क्विन्स शोधत बसण्यापेक्षा आपल्या फळवाल्याच्या गाडीवर काय असते ते आठवावे. त्यानंतर दुसरा थर. भट्टीतून काढलेला पाव, खारी, भाजलेला काजू. तो असेल तर वाइन गाळावर बराच काळ होती. नसेल तर ती टाकीची असेल किंवा लवकर काढलेली. दोष ओळखणे त्यामानाने सोपे आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच खराब, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागलेली.

पहिला घोट तोंडभर घेऊन जिभेवर क्षणभर ठेवावा. चांगल्या बाटलीचे बुडबुडे मऊ असतात, जिभेवर टोचत नाहीत. आंबटपणा जिभेच्या कडांना जाणवून तोंडाला पाणी सुटले पाहिजे. साखर त्या आंबटपणाला टेकू देण्यापुरतीच हवी. बागायतदाराने घड वेळेवर उतरवले नसतील तर साखर वाढवून ती उणीव झाकली जाते. मग पहिला घोट गोडसर, आवडणारा वाटतो आणि तिसऱ्या घोटाला कंटाळा येतो. चव गिळल्यावर किती वेळ रेंगाळते ते मनात मोजावे.

आणखी एक परीक्षा आहे, ती थोडी निष्ठुर आहे. ग्लासात चार घोट राखून अर्धा तास तसेच ठेवावेत. बुडबुडे जातात, थंडपणा जातो. उरते ती मूळ वाइन, जी उत्पादकाने दुसऱ्या किण्वनाआधी चाखली होती. ती अजूनही पिण्यासारखी, स्वच्छ, जराशी खारट-आंबट लागली तर बागेत आणि तळघरात काम नीट झाले आहे. पाणचट किंवा कडवट लागली तर गॅसने बरेच काही झाकले होते. चार मित्र जमले असतील तर एक मोठ्या ब्रँडची आणि एक छोट्या उत्पादकाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून नाव न दाखवता ओतावी. लेबल दिसत नसताना मते भराभर बदलतात.

सोबत काय खावे?

तळलेले. आंबटपणा आणि बुडबुडे तेलाचा थर कापून काढतात, म्हणून कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाणा वडा आणि रव्यात तळलेले बोंबील यांच्याशी ब्रुट जमते तशी दुसरी कोणतीही वाइन जमत नाही. ठाणे-डोंबिवलीच्या आगरी आणि कोळी घरांतल्या तळलेल्या मासळीसोबत ती घेऊन पाहावी, मात्र मसाला बेताचा हवा. मिरचीच्या ठेच्याशी तिचे भांडण आहे. अल्कोहोल आणि गॅस दोन्ही तिखटाची आग वाढवतात. पुरणपोळी किंवा श्रीखंडासोबत ब्रुट नुसतीच आंबट लागते, तिथे डेमी-सेक हवी. उरलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा ठेवला की गॅस टिकतो, ही समजूत खोटी आहे. दाब धरणारे झाकण स्वस्तात मिळते, ते लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीही चालते.

थेट वायनरीत जाऊन घेणे सोयीचे का?

छोट्या उत्पादकाच्या बाबतीत बहुतेकदा तोच एक मार्ग उरतो. तिथे बाटली तळघरातून थेट हातात येते, तोडणी कधी झाली आणि गाळावर किती महिने ठेवली हे विचारता येते, आणि मधल्या वितरकाचा वाटा उत्पादकाकडे राहतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून भिवंडीजवळून इगतपुरी बरीच जवळ आली आहे. परतताना बाटल्या मोटारीच्या तापलेल्या डिकीत ठेवू नयेत, थर्माकोलच्या पेटीत बर्फासह आणाव्यात. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो. या वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १२ टक्के असते. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि चाखणगृहातले चार-पाच छोटे ग्लास ती ओलांडायला पुरतात. म्हणून जाणाऱ्यांपैकी एकाने तिथे फक्त द्राक्षाचा रस प्यावा, तोही हंगामात ताजा मिळतो.